१ लाख ६४ हजार किलोमीटर पळालेली गाडी

मागच्या खेपेला मी गटातल्या अंतर्गत कर्जावर बोलले होते. त्यानंतर तीन फोन आले आणि तिन्ही बायकांनी फिरून फिरून एकच विचारलं, "ताई, जुनी चारचाकी घ्यायला गटातून कर्ज द्यावं का? गाडी लई पळालेली आहे म्हणतात." फोनवर हो किंवा नाही म्हणून हे संपत नाही. म्हणून आमच्या मोहोळ तालुक्यातल्या एका गटात काय झालं ते आज सांगते. जिच्या घरची ही गोष्ट आहे तिला विचारूनच सांगते आहे. "सांगा, पण नाव नको," म्हणाली. आपण तिला वहिनी म्हणू.

वहिनींच्या मालकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, सोलापूरला. गावापासून पंचेचाळीस किलोमीटर. डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, त्याला पैसे पडत नाहीत. पण जायचं कसं, हे कुठल्या योजनेत लिहिलेलं नाही. सुरुवातीला एसटीनं नेलं. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढलेल्या कापडासारखा होतो. एकदा स्टँडवरच चक्कर येऊन पडले. तेव्हापासून गावातलीच एक भाड्याची गाडी. चार-पाच तास थांबण्यासकट एका फेरीचे पंधराशे रुपये. महिन्याला साधारण नऊ फेऱ्या, म्हणजे साडेतेरा हजार. दोन म्हशी आणि शिलाई मशीन, यावर हे किती दिवस चालणार? एक म्हैस गेली, मग वहिनींची बोरमाळ गेली. बोरमाळेचे चाळीस हजार आले. ते भाड्यात विरघळायच्या आत त्या गटात आल्या आणि म्हणाल्या, "मला एक लाख वीस हजार द्या. जुनी गाडी घेते. पोराकडं लायसन आहे."

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या या गटानं तोवर पन्नास हजाराच्या वर कर्ज कधी दिलं नव्हतं. बारा बायकांची आठ वर्षांची बचत आहे ती. त्यात एकीच्या पोरीच्या नर्सिंगची फी आहे, एकीच्या घराचा स्लॅब आहे. बैठकीत गलका झाला. एक म्हणाली, आजारी माणसाला भंगारात बसवून नेणार का? दुसरी म्हणाली, त्यापेक्षा बँकेचं कर्ज काढून नवीच घ्या, पाच वर्षं बघायला नको. तिसरी म्हणाली, भाड्याचंच बरं, बिघडली तर ज्याची त्याला.

आमच्यात एक आक्का आहेत, सत्तरीच्या. अंगठा देतात, पण हिशेब तोंडी करतात. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाडं उद्या बंद करता येतं. हप्ता बंद करता येत नाही."

सगळ्या एकदम शांत झाल्या. आक्कांना काय म्हणायचंय ते प्रत्येकीला कळलं होतं, वहिनींना सगळ्यांत आधी कळलं होतं. डायलिसिसवरच्या माणसाचं काही सांगता येत नाही. उद्या देवाच्या दयेनं किडनी मिळाली तर फेऱ्या कमी होतील. आणि दुसरं जे होऊ शकतं, ते आम्ही कुणी बोललो नाही.

पण खरा मुद्दा तोच होता. ज्या घरात गरज किती दिवसांची आहे हेच माहीत नाही, तिथं गाडी घ्यायची तर कसली? नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिची किंमत सगळ्यांत जास्त उतरते. सहा लाखाची घ्यायची आणि दोन वर्षांनी विकायची वेळ आली तर लाखांनी घट, वर हप्ता बाकी. बारा वर्षांची गाडी मात्र जेवढी उतरायची तेवढी पहिल्या मालकाच्या खिशातून उतरून गेलेली असते. सव्वा लाखाला घेतली आणि नीट ठेवली, तर दोन वर्षांनी ऐंशी-नव्वद हजाराला जाईल, असं मिस्त्री म्हणाला. म्हणजे जास्त पळालेली गाडी ही आमच्यासाठी गरिबीची तडजोड नव्हती. या घराला तीच बसत होती. फक्त ती खरी पाहिजे होती.

मग कागद घेऊन बसलो. फेरी नव्वद किलोमीटरची, नऊ फेऱ्या, आठशे दहा किलोमीटर. लिटरला सोळा धरलं, पेट्रोल एकशे पाच रुपयांनी, तर पाच हजार तीनशे. विमा आणि पीयूसी महिन्यावर पाडून पाचशे. दुरुस्तीला दर महिन्याला पंधराशे बाजूला, गाडी बिघडो न बिघडो. झाले सात हजार तीनशे. भाड्याच्या साडेतेरा हजारातून वजा केले तर सहा हजार दोनशे उरतात. एक लाख वीस हजाराला महिना एक टक्का व्याज, चोवीस हप्ते, तर हप्ता येतो पाच हजार सहाशे पन्नास. हातात राहिले साडेपाचशे रुपये. बायका म्हणाल्या, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण दोन वर्षांनी हप्ता संपतो आणि गाडी दारात राहते. भाड्याचं काय राहतं?

एक गोष्ट आम्ही आधीच ठरवून टाकली, आणि ती तुम्हीही ठरवा. हाताशी एक लाख साठ हजार आहेत म्हणून तेवढ्याची गाडी घ्यायची नाही. गाडी एक लाख तीस हजाराच्या आत. पाच हजार नाव बदलायला आणि विम्याला. पंचवीस हजार दुरुस्तीचे, ते गटाच्या खात्यातच ठेवायचे. जुन्या गाडीची किंमत दोनदा द्यावी लागते, एकदा मालकाला आणि एकदा गॅरेजला. दुसरी आपण विसरतो.

आता गाड्यांचं सांगते. दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही वॅगन आर, दोन्ही २०१२ च्या. वॅगन आरच बघायची हे वहिनींनी ठरवलं होतं, कारण तिची सीट उंच असते. गुडघे न वाकवता माणसाला टेकवता येतं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिली एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. चकाचक. नवे सीटकव्हर, नवे मॅट, आत अत्तराचा वास. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. किंमत एक लाख पंच्याहत्तर हजार, "तुमच्यासाठी साठ". वहिनींचं पोरगं तिथंच खूश. दुसरी गाडी जवळच्याच गावातल्या एका निवृत्त गुरुजींची. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा, मीटरवर १ लाख ६४ हजार. किंमत एक लाख पस्तीस. पोरगं म्हणालं, "ही गाडी पेन्शनीत निघाली की."

मिस्त्री आमच्या ओळखीचा. त्याला दिवसाचे पाचशे रुपये आणि जेवण देऊन बरोबर नेला होता. पाचशे रुपये वाचवायला जाऊन लाख घालवणारे मी खूप पाहिलेत. त्यानं ६२ हजारवाल्या गाडीचं इंजिन बघायच्या आधी ब्रेकच्या पायट्याचं रबर बघितलं. गुळगुळीत झालेलं. क्लचचं तर एका कडेला फाटलेलं. स्टिअरिंगचं कातडंही वापरून चमकायला लागलेलं. तो म्हणाला, "ताई, बारा वर्षांत बासष्ट हजार म्हणजे वर्षाला पाच हजार. एवढी कमी पळालेली गाडी असू शकते. पण मग हे रबर कुणी झिजवलं?" मग त्यानं ड्रायव्हरचं दार उघडून कडेला पाहिलं. ऑइल बदललं की गॅरेजवाले तिथं छोटं स्टिकर लावतात, तारीख आणि किलोमीटर लिहून. दुकानदारानं सगळी गाडी पुसली होती, पण ते पुसायचं राहिलं होतं. २०२१ सालची तारीख आणि पुढं १,१२,४८०.

तीन वर्षांपूर्वी एक लाख बारा हजार आणि आज बासष्ट हजार! मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मीटर बदललं असेल मॅडम, आमच्याकडं आली तशी आहे." मैत्रिणींनो, आताच्या गाड्यांचं मीटर इलेक्ट्रॉनिक असतं. त्यातला आकडा मागं घ्यायला लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. कायद्यानं ते चुकीचंच आहे, पण आपण सिद्ध कुठं करत बसणार? आम्ही चहा पिऊन निघालो.

गुरुजींच्या गाडीकडं आम्ही सकाळी सातला गेलो. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गार इंजिन खोटं बोलत नाही. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवून आधी गार असल्याची खात्री केली, मग पोराला चावी मारायला लावली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागं धूर बघायचा असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, ते सगळ्यांत महागाचं दुखणं. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, ती लगेच जाते. पण दाट पांढरा धूर येतच राहिला तर इंजिनात पाणी जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघायचं. तिथं ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, त्या गाडीला हात जोडायचे. इथं झाकण स्वच्छ होतं, ऑइल काळं पण बिनमिसळीचं.

मग क्लच. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडायचा. चांगला क्लच असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडतं. गुरुजींची गाडी लगेच बंद पडली नाही, घोरत राहिली. क्लचप्लेट संपत आली होती. पुढचे दोन टायर बदलायला झाले होते. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तिथं १८ साल होतं. एसी गार करत नव्हता. गुरुजी म्हणाले, "मी लावतच नाही." पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये डायलिसिस करून आलेल्या माणसाला एसी चैन नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते मान हलवून गप्प बसले.

आणि मग गुरुजींनी समोरच्या कप्प्यातून एक वही काढली. शंभर पानी, शाळकरी पोरांची असते तशी. बारा वर्षांत ज्या ज्या दिवशी पेट्रोल टाकलं त्या दिवशीची तारीख, लिटर, किलोमीटर. ऑइल कधी, बेल्ट कधी, पंक्चर कुठं, सगळं. शाळा बावीस किलोमीटरवर होती, रोज जाऊन-येऊन चव्वेचाळीस. बाकी लग्नकार्यं आणि पंढरपूर. १ लाख ६४ हजाराला बारानं भागा. वर्षाला पावणेचौदा हजार येतात. रोज कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी एवढी चालतेच. पहिल्यांदा जो आकडा ऐकून आम्ही दचकलो होतो, तो वर्षांवर पाडला तर अगदी साधा निघाला. शिवाय सरळ डांबरी रस्त्यावर एका चालीत पळालेले किलोमीटर आणि शहरात गिअर बदलत, ब्रेक मारत पळालेले किलोमीटर, हे गाडीला सारखे नसतात.

मिस्त्रीनं तिथंच खर्च काढला. क्लच, दोन टायर, बॅटरी, एसीचं काम, मिळून वीस-बावीस हजार. हा कागद गुरुजींपुढं ठेवला. घासाघीस करायला मला लाज वाटते, पण कागद असला की वाटत नाही. एक लाख बावीस हजाराला सौदा ठरला.

एक गोष्ट जाता जाता. गाडी लांबून आलेली असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मॅट उचलून खालचं कापड हुंगा. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीकडं महापूर आला, तशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. वरून कळत नाही, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. पूर बघितलेली गाडी कितीही कमी पळालेली असो, तिच्या वायरी कधी धोका देतील सांगता येत नाही.

आता कागदांकडं येते. इथं मी जरा कडक होते, त्याला घरचं कारण आहे. माझे वडील वडाप चालवायचे. त्यांनी जीप विकली, पैसे घेतले, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, पेढे वाटले. आरटीओत नाव बदलायचं राहिलं. दीड वर्षानं घेणाऱ्याच्या हातून अपघात झाला, विमा संपलेला होता, आणि कोर्टाची नोटीस आली वडिलांच्या नावानं. पुढची कितीतरी वर्षं तारखांना गेली. सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ साली हेच सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईसाठी मालक तोच. म्हणून विकणाऱ्यानंही नाव बदलून घ्यावं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. २९ मध्ये विकणारा कळवतो, ३० मध्ये घेणाऱ्याचा अर्ज. विकणाऱ्यानं चौदा दिवसांच्या आत कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो.

गुरुजी इतके टापटिपीचे, तरी त्यांच्या आरसीवर पतसंस्थेचा बोजा होताच. कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा राहिला होता. त्याला पतसंस्थेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी कळतं, दंडाची चलनं राहिली असतील तर तीही ऑनलाइन बघता येतात. पैसे द्यायच्या आधी बघा. आम्ही वीस हजार रुपये हातचे राखले आणि बोजा उतरून आल्यावर दिले. तीन आठवडे गेले. गुरुजींना थोडा राग आला होता. येऊ दे.

नोंदणीची मुदतही बघितली. खासगी गाडीची पंधरा वर्षांची असते, म्हणजे हिची २०२७ पर्यंत. आमचा शेवटचा हप्ता २०२६ च्या अखेरीस. कर्ज मुदतीच्या आत फिटतंय, म्हणून गटानं हो म्हटलं. चौदा वर्षांची गाडी असती तर मीच नको म्हणाले असते. पुढं तपासणी करून पाच वर्षं वाढवता येते, पण त्याची फी आणि दुरुस्ती वेगळी.

पोराच्या मनात आणखी एक होतं. बाकीचे पाच दिवस गाडी दारात उभी ठेवण्यापेक्षा भाडं मारावं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही. पोलिसांचं राहू दे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मग माणसाचं आणि गटाचं, दोन्ही बुडतं. ठरावात हे लिहून घेतलं, पोराची सही घेतली.

शेवटी नावाचा प्रश्न आला. गाडी कुणाच्या नावावर? वहिनींचे दीर आले होते. ते म्हणाले, अर्थात भावाच्या. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "माझ्या नावावर घ्या. कर्जाला सही माझी आहे." दीर म्हणाले, "तो बसलाय ना अजून." तेव्हा कोपऱ्यातून मालकच म्हणाले, "तिच्या नावावर घ्या. मागनं तिला हेलपाटे नकोत." मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, वारसांच्या संमत्या असतात. मला हे सगळं माहीत होतं आणि सांगायला तोंड उघडत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी खाली मान घालून फॉर्मवर वहिनींचं नाव लिहिलं.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. एप्रिलमध्ये, शुक्रवारी, सोलापूरच्या अलीकडं गाडी तापली आणि उभी राहिली. रेडिएटरचा पाइप फुटला होता. जुन्या भाडेवाल्याचा नंबर वहिनींनी पुसला नव्हता, तो पाऊण तासात आला. डायलिसिस उशिरा झालं, पण झालं. पाइप, रेडिएटर, गाडी ओढून न्यायचे पैसे धरून नऊ हजार गेले. क्लच-टायरच्या खर्चातून उरलेले आणि महिन्याचे पंधराशे साठवलेले, त्यातून ते निघाले. हप्ता चुकला नाही. ज्या बाईनं भंगार म्हटलं होतं, तिनं पुढच्या बैठकीत पुन्हा तेच म्हटलं. तिचंही अगदी चूक नाही. नव्या गाडीत तो पाइप फुटला नसता बहुधा.

मिस्त्रीनं आता दर महिन्याला पाण्याची पातळी आणि ऑइल बघायला सांगितलंय. ते वहिनी स्वतः बघतात. गाडी शिकताहेत, गावच्या माळावर पोरगं शिकवतं आणि ओरडतं. गुरुजींनी वही गाडीबरोबरच दिली होती, त्यात पुढं वहिनी लिहितात. परवा मीटरवर १ लाख ७० हजार झाले, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं.

फॉर्म कसे भरायचे, ते ज्यांना हवंय त्यांनी मंगळवार आणि शुक्रवार सोडून कधीही प्रभागसंघाच्या खोलीवर या. ते दोन दिवस मी वहिनींच्या गाडीतून सोलापूरला बँकेच्या कामाला जाते, पेट्रोलचे पैसे न देता.